खोला, हरमल, ब्याडगी, गुंटूर: मिरचीच्या पोटातल्या रसायनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात मी बरीच वर्षे उच्च माध्यमिकच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवले. आमच्या वैनीची घरगुती मसाल्याची गिरण आहे. एप्रिल-मे महिन्यात, पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी सुरू झाली की गिरणीवर येणारी निम्मी माणसे मिरची दळायला टाकून मला प्रश्न विचारायला येतात. तेच प्रश्न, थोड्याफार फरकाने, दरवर्षी. म्हणून एकदा लिहून काढले. गिरणीवर जसे विचारले जातात तसेच ठेवले आहेत.

सर, मिरची तिखट कशामुळे लागते?

कॅप्सायसिनॉइड नावाच्या संयुगांच्या एका कुटुंबामुळे. त्यात थोरले दोघे: कॅप्सायसिन आणि डायहायड्रोकॅप्सायसिन. बहुतेक मिरच्यांमध्ये तिखटपणाचा ऐंशी ते नव्वद टक्के भार हे दोघेच उचलतात. नॉरडायहायड्रोकॅप्सायसिन, होमोकॅप्सायसिन वगैरे धाकटी भावंडे उरलेल्या वाट्यात येतात आणि ती तिखटालाही थोडी मवाळ असतात.

थोरल्या दोघांत फरक फक्त दोन हायड्रोजन अणूंचा. कॅप्सायसिनच्या शेपटीत एक दुहेरी बंध असतो, डायहायड्रोमध्ये तो नसतो. जिभेला हा फरक कळत नाही, यंत्राला कळतो. आणि या दोघांचे आपसातले प्रमाण जातीगणिक बदलते, म्हणून दोन वाणांची तुलना करताना प्रयोगशाळा फक्त ‘एकूण तिखटपणा’ न सांगता दोघांचे आकडे वेगवेगळे देते.

खरे म्हणजे तिखट ही चवच नव्हे. आपल्या तोंडात टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक (संवेदना टिपणारे प्रथिन) असतो, तो साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने जागा होतो. कॅप्सायसिन त्याला जाऊन चिकटले की तो उष्णता नसतानाही ‘भाजले’ म्हणून ओरड करतो. हा ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर मिळाले. पक्ष्यांचा हा ग्राहक कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून परसातले पोपट लालबुंद मिरच्या शेंगदाण्यासारख्या खातात.

मग जेवढी लाल तेवढी तिखट, असेच ना?

हाच तो गैरसमज. गिरणीवरची निम्मी भांडणे यातून होतात.

तिखटपणा आणि रंग ही दोन स्वतंत्र खाती आहेत. लाल रंग कॅप्सँथिन आणि कॅप्सोरुबिन या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो, गाजराच्या आणि पिकल्या पपईच्या रंगद्रव्यांची ती भावकी. मिरची ती सालीत बनवते. कॅप्सायसिन बनते आतल्या पांढऱ्या गाभ्यात. कारखाने दोन, कच्चा माल वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्यामुळे एखादी मिरची गडद लाल आणि जवळजवळ निरुपद्रवी असू शकते (ब्याडगी), किंवा फिकट, पांढरट आणि डोळ्यांतून पाणी काढणारी (केरळची पांढरी कांथारी).

खोला, हरमल, ब्याडगी, गुंटूर आणि काश्मिरी यांत फरक काय?

आधी दोन टोके पाहा.

ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, २०११ पासून जीआय (भौगोलिक) मानांकन असलेली. साल सुरकुतलेली, रंगाचे मूल्य १५० च्या आसपास (हे मूल्य म्हणजे काय ते पुढे सांगतो), तिखटपणा नगण्य. म्हणूनच तिचा अर्क काढून तो रंग म्हणून विकला जातो.

आंध्रातल्या गुंटूरची सन्नम दुसऱ्या टोकाला. कॅप्सायसिन ०.२२ टक्क्यांच्या आसपास, रंगाचे मूल्य मात्र तीस-बत्तीस. एकटी गुंटूर वापरून हुमण (माशाची आमटी) केले तर तोंड पोळते आणि रंग विटकरी येतो.

काश्मिरीच्या नावावर बाजारात जे येते त्यातले बरेचसे काश्मीरने पाहिलेलेही नसते. अस्सल काश्मिरीचा रंग ब्याडगीइतका जोरदार नाही आणि ती लोकांना वाटते तेवढी सौम्यही नाही. पाकिटावर ‘काश्मिरी’ लिहिलेली बिनतिखट लालभडक पूड बहुधा ब्याडगी घराण्यातली असते. यात फसवणूक असेलच असे नाही. ‘काश्मिरी’ हे आता एका रंगाचे नाव झाले आहे.

आता आपल्या दोघी. खोलाची मिरची काणकोण तालुक्यातल्या खोला गावाच्या डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर होते. हरमलची आपल्या पेडण्यातली. दोघींनाही जीआय मानांकन आहे. खोलाची भरपूर लाल आणि मध्यम तिखट, म्हणून रेशाद मसाल्यात (मासळीत भरायच्या लाल वाटणात) आणि लोणच्यात ती लोकांना हवी असते. या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे रंगही हवा आणि तिखटही हवे पण दोन पिशव्या आणायच्या नाहीत, ही गोव्याच्या मिरचीची खरी किंमत आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात खोला आणि ब्याडगीच्या भावात जो फरक असतो, तो मुख्यतः या जागेचा आणि कमी पिकाचा.

खोला परवडत नाही. ब्याडगी आणि गुंटूर मिसळून तसे होईल?

आकड्यांत बऱ्यापैकी जवळ जाता येते. तीन भाग ब्याडगी आणि एक भाग सन्नम घ्या. ब्याडगीचा तिखटपणा ०.०२ टक्के धरला आणि सन्नमचा ०.२२, तर मिश्रणाचा येतो (३ × ०.०२ + ०.२२) ÷ ४, म्हणजे ०.०७ टक्के. रंग (३ × १५० + ३२) ÷ ४, म्हणजे १२०. गिरणीवर हे मिश्रण कायम खपते.

वास मात्र येत नाही. मिरचीच्या वासात टरपीन, एस्टर, पायराझीन अशी डझनावारी हलकी संयुगे असतात आणि ती या दोन आकड्यांत धरलेलीच नाहीत. वैनी मिरची चिमटीत मोडून नाकाशी धरते आणि सांगते, ‘ही आपली नव्हे.’ तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो.

स्कोव्हिल म्हणजे काय? पाकिटावर लिहिलेले असते.

विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधनिर्मात्याने १९१२ मध्ये काढलेली पद्धत. मिरची अल्कोहोलमध्ये भिजवायची, तो अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचे आणि चाखणाऱ्यांना तिखट जेमतेम जाणवेल तिथे थांबायचे. वीस हजार पट पातळ करावे लागले तर तिखटपणा वीस हजार स्कोव्हिल.

अडचण उघड आहे. काणकोणच्या माणसाची जीभ आणि मुंबईहून सुट्टीला आलेल्या भाच्याची जीभ एकच आकडा देणार नाहीत. शिवाय चौथ्या-पाचव्या नमुन्याला जीभ बधिर होते.

म्हणून आता एचपीएलसी यंत्र वापरतात. अर्क एका बारीक नळीतून दाबाने पुढे ढकलला जातो, नळीतल्या भुकटीशी प्रत्येक संयुगाची सलगी कमीजास्त असते, त्यामुळे प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो आणि कागदावर त्याचे शिखर उमटते. शिखराखालचे क्षेत्रफळ म्हणजे प्रमाण. शुद्ध कॅप्सायसिन १ कोटी ६० लाख स्कोव्हिलचे धरले जाते, त्यामुळे हिशोब सोपा आहे: दशलक्षात एक भाग कॅप्सायसिन म्हणजे १६ स्कोव्हिल. ०.१ टक्का म्हणजे १,००० भाग, म्हणजे १६,००० स्कोव्हिल. आसामच्या भूत जोलोकियाचा २००७ सालचा गिनीज विक्रम दहा लाखांच्या थोडा वर होता. तो आकडा १६ ने भागून बघा, सुक्या वजनाच्या सहा टक्क्यांहून जास्त नुसते कॅप्सायसिन येते.

आणि रंगाचे ते १५०, ३२?

त्याला अ‍ॅस्टा मूल्य म्हणतात, अमेरिकेतल्या मसाला व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या नावावरून. पूड अ‍ॅसिटोनमध्ये भिजवायची, तो अर्क ४६० नॅनोमीटरचा प्रकाश किती गिळतो ते पाहायचे आणि ठरलेल्या सूत्राने आकडा काढायचा. मूल्य जास्त तेवढा रंग जास्त. तिखटपणाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

घरी काही तपासता येते का?

येते, आणि माझा हा आवडता उद्योग आहे.

कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल, अल्कोहोलमध्ये मात्र छान विरघळते. गोव्यात अल्कोहोलची चणचण नाही. काजूची फेणी घ्या. तिच्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असते, हुर्राक (काजूचीच हलकी दारू) त्या मानाने फार पातळ, तो पिण्यासाठीच ठेवा. एक ग्रॅम मिरचीपूड दहा मिलिलिटर फेणीत, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी गाळा. एका भांड्यात एक लिटर पाण्यात चार चमचे साखर विरघळवा. ड्रॉपरने एकेक थेंब टाका, ढवळा, चमचाभर चाखा. घशाशी पहिली चुणचुण कितव्या थेंबाला येते ते लिहून ठेवा. मग दह्याचा घोट, दहा मिनिटे विश्रांती आणि दुसरी मिरची, नव्या साखरपाण्यात.

थेंब कमी तर मिरची तिखट. ०.२ टक्क्यांची मिरची असेल तर सहासात थेंबांत कळायला हवे. ब्याडगीला थेंब मोजता मोजता कंटाळा येतो. हा आकडा प्रयोगशाळेचा नव्हे, पण एकाच जिभेने, एकाच सकाळी दोन मिरच्यांचा क्रम लावायला पुरतो. मुलांना यात घेऊ नका, आणि ज्यांना दारू चालत नाही त्यांनीही.

रंगाचा प्रयोग शाळेत करायचो. मिरचीचा अ‍ॅसिटोनमधला अर्क गाळणकागदाच्या पट्टीवर, टोकापासून बोटभर अंतरावर ठिपक्यासारखा लावायचा आणि पट्टीचे टोक पेट्रोलियम ईथर व थोड्या अ‍ॅसिटोनच्या मिश्रणात बुडवून बरणी झाकायची. दहा मिनिटांत एका तांबड्या ठिपक्याची शिडी होते. सगळ्यात वर पिवळे बीटा कॅरोटिन पळते, त्याच्या मागून केशरी आणि लाल पट्टे, आणि मूळ जागेजवळ मोकळ्या कॅप्सँथिनचा रेंगाळलेला पट्टा. ब्याडगीची आणि गुंटूरची पट्टी शेजारी ठेवली की मागच्या बाकावरची पोरेसुद्धा उठून पुढे येत. ज्वालाग्राही द्रव आहेत, स्वयंपाकघरात गॅसजवळ हे करू नका.

बिया काढल्या की तिखटपणा जातो म्हणतात.

अर्धवट खरे. बिया स्वतः कॅप्सायसिन बनवत नाहीत. ते बनते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात आणि शिरांत, तिथून बियांना लागते. बिया काढताना गाभाही निघून येतो, श्रेय बियांना मिळते. गाभा तसाच ठेवून नुसत्या बिया झटकल्या तर फार फरक पडत नाही.

तो गाभा हाताने काढलात तर आधी बोटांना खोबरेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्याने आग आणखी पसरते.

एकाच झाडाच्या दोन मिरच्यांत एवढा फरक का?

कारणे बरीच. फुलल्यापासून साधारण चाळीस-पन्नास दिवसांपर्यंत कॅप्सायसिन वाढत जाते, नंतर मिरचीचीच विकरे (एन्झाइम) ते थोडे मोडायला लागतात. झाडाला पाण्याचा ताण बसला तर तिखटपणा वाढतो. शेतकरी म्हणतात ना, ‘तहानलेली मिरची चावते.’ कोणत्या फांदीवर लागली, ऊन किती मिळाले, शेजारी दुसऱ्या जातीची मिरची आहे का, याचाही परिणाम होतो. शेवटच्या मुद्द्यात एक फसगत आहे: परागीकरण दुसऱ्या जातीने झाले तर या वर्षीच्या फळाचा गाभा आईचाच राहतो, गडबड दिसते पुढच्या वर्षी, त्या बियांतून उगवलेल्या झाडांत. हरमलच्या शेजारी गुंटूर लावून घरचे बी धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आमच्या बागेत असेच झाले. तिसऱ्या वर्षी ‘हरमल’ म्हणून जे आले ते हरमलच्या अंगणात वाढलेले कुणीतरी तिसरेच होते.

ढोबळी मिरची मग तिखट का नसते?

कॅप्सायसिन बनवण्याच्या शेवटच्या पायरीचा जीन तिच्यात मोडलेला असतो. बाकी ती मिरचीच.

रस्त्यावर ‘खोला’ म्हणून विकतात ती खोलाच आहे का, हे रसायनांवरून कळेल?

एका आकड्यावरून कळणार नाही. खोलाचा तिखटपणा आणि रंग पट्ट्यात असतो, बिंदूवर नाही, आणि त्या पट्ट्यात दुसऱ्या दोन-तीन जाती सहज बसतात. कॅप्सायसिन आणि डायहायड्रोचे प्रमाण, रंगद्रव्यांचा आराखडा आणि वासाची संयुगे हे सगळे एकत्र पाहिले तर संशय घेता येतो. जातीची पक्की ओळख डीएनए चाचणीचे काम आहे.

जीआय मानांकनाबद्दलही हेच. ते गाव, जात आणि पद्धत यांच्याशी बांधलेले असते. तुमच्या हातातल्या पिशवीत अमुक टक्के कॅप्सायसिन आहे, असा तो दाखला नाही.

मी स्वतः एकदा महामार्गालगत थांबून दोन किलो ‘खोला’ घेतली होती. घरी आल्यावर वैनीने एक मोडली आणि काही न बोलता ती पिशवी पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवली. वर्षभर पोह्यांतच संपवली.

वाळवताना काय चुकते?

गोव्यात बहुतेक दमटपणा. मिरची १० ते ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळली पाहिजे. वाकवली तर कडकन मोडावी, देठाजवळ चामड्यासारखी लागू नये. त्याआधी पिशवीत भरली तर बुरशी येते, आणि अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृताला घातक आहे आणि दळल्याने, तळल्याने जात नाही. बुरशीचा वास आलेली मिरची ‘उन्हात घालून चालेल’ म्हणू नका, फेकून द्या.

दुसरी चूक उलट दिशेची. आम्ही एका वर्षी गच्चीवर पत्र्यावर मिरची घातली. दुपारी पत्रा असा तापला की तीन दिवसांत मिरच्या खडखडीत, आणि पाठीवर पांढरे डाग. कॅप्सँथिनला प्रखर ऊन आणि हवा सोसत नाही. सारवलेल्या खळ्यात, विरळ पसरून, सकाळचे आणि उतरते ऊन, दुपारी वर पातळ कपडा: वेळ जास्त लागतो, रंग राहतो. आमच्या आजीला अ‍ॅस्टा मूल्य माहीत नव्हते, पण ती दुपारी मिरचीवर जुने लुगडे टाकायची.

मागच्या वर्षीची पूड फिकी पडली. तिखटपणाही गेला असेल ना?

नाही, आणि इथेच लोक फसतात. रंग भराभर उतरतो, कॅप्सायसिन बऱ्यापैकी टिकाऊ आहे. पूड फिकी दिसते म्हणून दोन चमचे जास्त घालता आणि जेवताना सगळे घर खोकते. अख्खी मिरची पुडीपेक्षा जास्त टिकते, कारण दळल्यावर हवेला पृष्ठभाग कितीतरी पट मिळतो. वर्षाची मिरची अख्खी ठेवा, दर दोन महिन्यांनी लागेल तेवढीच दळा, काचेची बरणी अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये जागा असेल तर उत्तम.

रेशादमध्ये व्हिनेगर असते. आम्लाने मिरचीचे काही बिघडते का?

कॅप्सायसिनला व्हिनेगरचे आम्ल काही करत नाही, रंगही बराच तग धरतो. मात्र व्हिनेगर मुख्यतः पाणी असल्यामुळे ते रंग किंवा तिखट ओढून घेत नाही, मिरची वाटताना फक्त मऊ करते. खरी ओढ तेलाची. बांगड्यात रेशाद भरून तव्यावर टाकला की कडेने जो लाल तेलाचा काठ सुटतो, तो कॅप्सँथिन तेलात उतरल्याचा पुरावा.

जीभ पोळली तर पाणी प्यावे का?

पाणी काही करत नाही. दूध, दही, ताक घ्या, त्यातले केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला पकडते. सोलकढीत नारळाच्या रसाचा स्निग्धांश असल्याने तीही चालते.

भेसळ घरी ओळखता येते?

काही भेसळ. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पूड टाका, ढवळू नका. मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, म्हणून पाण्यात लाल रेघा खाली सरकताना दिसल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे. तळाशी खरखरीत गाळ बसला तर विटेची पूड किंवा माती.

पण ही परीक्षा सुदान या खाण्यात बंदी असलेल्या कृत्रिम लाल रंगाला पकडत नाही, कारण सुदानही तेलातच विरघळतो, अगदी कॅप्सँथिनसारखा. २००३ मध्ये युरोपात मिरचीपुडीत सुदान सापडल्यावर जो गदारोळ झाला, तो प्रयोगशाळांनी उघडकीस आणला, ग्लासातल्या पाण्याने नव्हे. अतिशय लाल, महिनोन्‌महिने फिकी न पडणारी आणि स्वस्त अशी पूड दिसली तर घेऊ नका. खरा रंग उतरतो.

आमच्या गटाला नमुना तपासायला पाठवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच करा. एका पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर मिरची पाठवू नका. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, तळातून थोडी घ्या, एकत्र करा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला करा. पाव किलो उरेपर्यंत हेच. देठ काढायचे की ठेवायचे ते आधी ठरवा आणि सगळ्या नमुन्यांना तेच लावा, कारण देठात तिखटही नाही आणि रंगही नाही, पण वजन आहे.

अहवालात ओलावा मागून घ्या आणि तुलना नेहमी सुक्या वजनावर करा. ताज्या मिरचीत ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असते. कुणी ताज्या हिरव्या मिरचीचा आकडा आणि कुणी वाळलेल्या लालचा आकडा शेजारी ठेवला तर वाळलेली उगाच पाचसहा पट तिखट दिसते. गेल्या मे महिन्यात एक गट असाच अहवाल घेऊन आला होता. दोन्ही मिरच्या एकाच वाफ्यातल्या होत्या.